निर्माता नक्की करतो काय, आणि यश कशाला म्हणायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू मराठी मालिकांवर असिस्टंट डायरेक्टर आहेस, पुढे स्वतः प्रोड्यूस करायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात निर्माता म्हणजे पैसेवाला माणूस, तुझ्याकडे कुठेत पैसे, आणि सेटवरचे म्हणतात निर्माता झालीस की क्रिएटिव्हिटी विसर. वर तुझी स्वतःची शंका आहे की डेली सोपमध्ये राहून चांगलं काम होतं का आणि यश मिळालं हे ओळखायचं कशावरून. मी मालिका केल्यात, सिनेमे केलेत, त्यातलं काही चाललं, काही पहिल्या सोमवारीच उतरलं, तर तेवढ्या जोरावर लिहिते. तुला 'तू' म्हणतेय, आपल्या धंद्यात चालतं.

आधी पैसेवाला हा मुद्दा घेऊ. टीव्हीत आता निर्माता स्वतःच्या पैशाने मालिका बनवून विकायला निघतो असं नसतं. चॅनेल मालिका कमिशन करतं, पर एपिसोड रेट ठरतो, आणि हक्क बहुतेक वेळा चॅनेलकडेच जातात, म्हणजे उद्या तुझी मालिका तुफान चालली, तिचा हिंदीत रिमेक झाला तरी तुझ्या हातात काही येईलच असं नाही (म्हणून कॉन्ट्रॅक्ट नीट वाच, त्यावर शेवटी बोलते). मग निर्मात्याचे पैसे लागतात कुठे? मधल्या काळात. बिल लावल्यापासून पैसे यायला साधारण तीन महिने जातात आणि तेवढ्यात इकडे शूटिंगच्या बंगल्याचं भाडं, जनरेटर, कॅमेरा, कॅटरर सगळं रोज चालू असतं, स्पॉटदादा लाइटदादा यांना तर तीन महिने थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. ही मधली दरी भरून काढायची ताकद लागते, मग ती स्वतःच्या खिशातून असो, बँकेच्या ओडीतून (ओव्हरड्राफ्ट) असो की पार्टनरकडून. पैसेवाल्या घरात जन्मलेले बरेच लोक या दरीत पडून गायब झालेले मी बघितलेत आणि हिशोबाला पक्के असलेले साधे लोक वर्षानुवर्षं टिकलेलेही बघितलेत.

आता क्रिएटिव्हिटी. माझं मत ऐक, पटलं नाही तर सोडून दे. निर्मात्याचं क्रिएटिव्ह काम एकच, बाकीच्यांना त्यांच्या कामासाठी वेळ मिळवून देणं. पैसा वगैरे सगळं त्या वेळेसाठीच खर्च होतं. लेखकाला वेळ मिळाला तर सीन बरा होतो, नटाला आदल्या दिवशी सीन मिळाला तर तो पाठ करण्याच्या पलीकडे जाऊन काही विचार करून येतो, कॅमेरामनला अर्धा तास जास्त मिळाला तर चेहरा नीट दिसतो. कल्पना सगळ्यांकडे असतात गं, चॅनेलच्या मीटिंगमध्ये चहा देणाऱ्याकडेही असतात आणि कधी कधी त्याची सगळ्यात चांगली असते, पण वेळ कुणाकडेच नसतो.

डेली सोपचं गणित तुला माहीत आहे पण एकदा निर्मात्याच्या बाजूने बघ. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा माल लागतो. आठवड्याचे सहा एपिसोड, कधी रविवारी एक तासाचा महाएपिसोड. म्हणजे एका युनिटने दिवसाला जवळपास एक एपिसोड काढायलाच हवा, बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये. सिनेमात दिवसाला दोन-तीन मिनिटांचं फुटेज झालं तरी लोक खूश असतात. आणि या २२ मिनिटांच्या मागे केवढी साखळी आहे बघ, चॅनेलबरोबर पुढच्या महिन्याची गोष्ट लॉक, मग वनलाइन (एपिसोडमधले सीन थोडक्यात), मग स्क्रीनप्ले, मग डायलॉग, मग चॅनेलच्या ईपीचं (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) अप्रूव्हल, मग शूट, एडिट, बॅकग्राउंड म्युझिक, चॅनेलचं चेकिंग आणि टेलिकास्ट. यातली एक कडी अर्धा दिवस लटकली की पुढचे सगळे लटकतात.

म्हणून बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या एपिसोडचा साठा. मालिका सुरू व्हायच्या आधी आठ-दहा एपिसोड तयार ठेवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, अवघड असतं ते सहा महिन्यांनी टिकवणं. हिरोईन आजारी पडली, पावसाने आउटडोअर गेलं, चॅनेलने कथेचा ट्रॅक बदलायला सांगितला, की बँक तीनवर येते, मग एकवर, आणि मग आज रात्री दिसणारा एपिसोड आज दुपारी शूट होतोय अशी वेळ येते. तू हे बघितलं असशीलच. लाइट लागलेत, नट मेकअप करून बसलेत आणि डायलॉग व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्याने येतायत.

आणि इथे एक गोष्ट सांगते जी प्रेक्षकांना कळत नाही आणि आपल्यातलेही पुष्कळ लोक मान्य करत नाहीत. मालिकेत जे सगळ्यात जास्त चेष्टेचं होतं ना, एक वाक्य बोललं की आठ जणांचे क्लोजअप, त्यावर ढॅण ढॅण म्युझिक, मग कालच्याच सीनचा फ्लॅशबॅक, ते सगळं दरवेळी वाईट अभिरुचीतून येतं असं नाही. बऱ्याचदा ते रिकाम्या बँकेतून येतं. लेखकाने १६ मिनिटांचंच लिहून दिलंय, कारण त्याला रात्री अकराला चॅनेलची नोट (बदलाची सूचना) आली आणि सकाळी सातला सीन हवा होता, मग उरलेली सहा मिनिटं डायरेक्टरने कशी भरायची? चेहरे दाखवून. ज्या आठवड्यात बँक बरी असते त्या आठवड्याचे एपिसोड काढून बघ, फ्लॅशबॅक आपोआप कमी झालेले दिसतील. म्हणून मी क्रिएटिव्ह मीटिंगमध्ये पहिला प्रश्न बँक किती हा विचारते, कथा नंतर. लोकांना ते रुक्ष वाटतं.

कोविडने हे सगळ्यांना एकदम दाखवलं. १९ मार्च २०२० पासून शूटिंग बंद झालं आणि थोड्याच दिवसांत सगळीकडे जुन्या मालिका लागल्या, दूरदर्शनने तर रामायण काढलं, कारण फार दिवसांचा माल कुणाकडेच नव्हता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात परत बंदी आली तेव्हा युनिटंच्या युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला गेली, आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या. तेव्हा ज्यांची बँक दोन आठवड्यांची होती त्यांना विचार करायला जागा मिळाली, बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवरचे सीन लिहिले.

वेळ मिळवायचा कसा, तर प्लॅनिंगने, आणि हे अजिबात ग्लॅमरस नसतं. लग्नाचा ट्रॅक घे. मालिकेतलं लग्न टीव्हीवर दोन आठवडे चालतं, म्हणजे नवरीच्या अंगावर तोच शालू तेवढे दिवस राहणार, म्हणून एकाच शालूचे दोन पीस घ्यायचे, दुसरा पहिल्यावर चहा सांडला तर. मागच्या डेकोरेशनला कापडी फुलं, खरी फुलं फक्त हार आणि मुंडावळ्यांना आणि ती रोज ताजी, कारण कंटिन्युइटीत सुकलेला झेंडू लगेच दिसतो. ज्युनियर आर्टिस्ट रोज नकोत, गर्दी दिसणारे सगळ्या एपिसोडचे शॉट दोन दिवसांत काढून घ्यायचे आणि मग फक्त घरचे चेहरे घेऊन बाकीचे दिवस. हे तेव्हाच जमतं जेव्हा लग्नाचे सगळे एपिसोड आधी लिहून हातात असतात. आयत्या वेळी लिहिलं तर रोज गर्दी, रोज मंडप, रोज पैसे. म्हणजे बघ, लेखकाला तीन आठवडे आधी मोकळं ठेवलं तर सीन पण बरा आणि खर्च पण कमी. क्रिएटिव्ह विरुद्ध बजेट असं भांडण लोक लावतात ते मला फारसं कधी दिसलंच नाही, मला दिसलं ते घाई विरुद्ध दोन्ही.

टीआरपीबद्दल आता. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात, देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत मीटर आहेत, त्यातली मराठी बघणारी घरं त्याचा एक भाग. आकडा खोटा आहे म्हणून रडण्यात अर्थ नाही, सगळ्यांना तोच आकडा लागू आहे आणि जाहिरातीचा दर त्यावरच ठरतो. पण तो वाचता यायला हवा. एका आठवड्याचा आकडा म्हणजे काहीच नाही. गणपतीत घराघरात आरतीची वेळ आणि आपला स्लॉट एकत्र येतात, आयपीएल असतं, शाळेच्या परीक्षा असतात, समोरच्या चॅनेलवर कुणाचं तरी लग्न असतं. मी साधारण चार आठवड्यांची रेघ बघते आणि त्यातही कुठल्या मिनिटाला लोक उठून गेले ते. पुष्कळ वेळा असं दिसतं की चॅनेलला आणि आम्हाला जे पात्र फार आवडतं त्याच्या सीनला लोक पाणी प्यायला उठतात, आणि कोपऱ्यातल्या काकूच्या सीनला बसून राहतात. मग काकूचे सीन वाढवायचे. यात कमीपणा काय आहे? तमाशात, नाटकात प्रेक्षक समोर बसून सांगायचा, इथे गुरुवारी सांगतो.

चूक तिथे होते जिथे गुरुवारी आकडा पडला म्हणून शुक्रवारी ट्रॅक फिरवतात. त्यात लिहून ठेवलेले, कधी कधी शूट केलेलेही एपिसोड फुकट जातात, बँक जाते, आणि वर सांगितलेला सगळा खेळ परत सुरू. चॅनेलची नोट आली की मी ती नाकारत नाही, नाकारून काही होत नाही, पैसे त्यांचे आहेत आणि ईपी पण बिचारा वरच्याला उत्तर देणारा असतो. मी फक्त विचारते की प्रॉब्लेम काय वाटतोय ते सांगा, उपाय आम्ही आणतो. 'सासूला कानाखाली मारायला लावा' ही नोट असते तेव्हा खरा प्रॉब्लेम बहुतेक असा असतो की नायिका महिनाभर नुसती रडतेय आणि तिने काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटतंय. ते कानाखाली न मारताही करता येतं. मागायचे ते चार दिवस, आणि ते चार दिवस बँक असेल तरच मागता येतात.

मालिका का ताणतात, हेही लोक विचारतात. कारण सोपं आहे, निर्मात्याचा मोठा खर्च सुरुवातीला होतो, सेट, कपडे, टायटल, पायलटच्या वेळची सगळी उठाठेव, आणि पैसे मिळतात एपिसोडमागे. पहिले कित्येक एपिसोड सेटचेच पैसे फिटत असतात. कमाई सुरू होते तेव्हा गोष्ट संपत आलेली असते. चॅनेलचंही तसंच, नवीन मालिका लोकांना माहीत करून द्यायला होर्डिंगपासून प्रोमोपर्यंत खर्च, त्यापेक्षा चालू असलेली ओढा. एके काळी मुंबई दूरदर्शनवर (२ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं केंद्र, आमच्या पिढीचं बालपणच ते) तेरा भागांची आठवड्याला एक अशी मालिका असायची, लेखकाला शेवट माहीत असायचा. मला ते मॉडेल परत आलेलं आवडेल, पण आठवणी काढून ते येणार नाही, कुणीतरी एपिसोडचा रेट तसा दिला पाहिजे.

सिनेमात सगळं उलटं आहे. तिथे लिहायचा वेळ स्वस्त आणि शूटचा वेळ महाग, तरी आपले लोक स्क्रिप्टवर दोन महिने घालवतात आणि शूटवर सगळी पुंजी. स्क्रिप्टवर लेखकाला वर्षभर नीट पैसे देऊन बसवलं तरी तो खर्च शूटच्या थोड्याच दिवसांएवढा होतो. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मला यासाठी फार आवडते. पैसे उभे करायला त्यांनी आधी काय केलं, तर मटार कुंडीत लावून त्याचा अंकुर कसा वाढतो ते रोज एक-एक फ्रेम करत चित्रित केलं आणि ती छोटीशी फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. मग 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये. आणि सरस्वतीबाईंनी दागिने दिले एवढंच आपण सांगतो, पण सगळ्या युनिटचा स्वयंपाक, फिल्मला भोकं पाडणं, केमिकल कालवणं हेही त्या बघत होत्या. आजच्या हिशोबाने लाइन प्रोड्यूसर आणि लॅब असिस्टंट दोन्ही. क्रेडिट मात्र कुठे नाही. पुढे प्रभात फिल्म कंपनीत (१९२९, कोल्हापूर, मग १९३३ पासून पुणे) नट आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर होते. 'संत तुकाराम' १९३६ चा, मुंबईत वर्षाच्या वर चालला, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांची प्रतिभा होतीच, पण जे युनिट रोज सकाळी एकाच आवारात कामाला येतं, ज्याला पुढच्या महिन्याच्या घरभाड्याची काळजी नाही, त्याला पडद्यावर साधेपणा आणायला सवड मिळते असं मला कायम वाटतं.

सिनेमाचा हिशोब पण एकदा डोळे उघडे ठेवून कर. समज तिकीट २०० रुपये, सगळं धरून. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीसेक रुपये गेले (जीएसटी यायच्या आधी महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, ते सुख २०१७ ला संपलं). उरले १६९ आणि काही पैसे. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्याला साधारण निम्मे आपल्या बाजूला, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यात पंच्याऐंशीच्या आत, त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे चार्जेस वेगळेच. हातात सत्तर-पंच्याहत्तर. सिनेमा पब्लिसिटीसकट दोन कोटींचा असेल तर फक्त थिएटरवर तो फिटायला पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं आली पाहिजेत, आणि तीही पहिल्या आठवड्यात, कारण नंतर वाटा कमी होतो आणि शो पण. म्हणून पोस्टरवर पाच कोटींचा गल्ला दिसतो आणि निर्माता फ्लॅट विकत असतो, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सॅटेलाइट (टीव्हीवर दाखवायचे हक्क) आणि ओटीटीचे पैसे धरून बजेट करू नकोस, आले तर बोनस. आणि शो मिळत नाहीत ही तक्रार नवीन नाही, १९७१ ला दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूर थिएटरवर केवढं रामायण झालं होतं. आणि त्याच माणसाचे एकूण नऊ सिनेमे सिल्व्हर ज्युबिली झाले.

आता यश. अवॉर्ड मिळालं की छान वाटतं, फोटो येतात, आई खूश होते. पण मी स्वतःपुरती एक गोष्ट बघते, पुढच्या कामाला त्याच लोकांना फोन केला तर ते येतात का. लेखक दुसऱ्यांदा आला, डीओपीने (मुख्य कॅमेरामन) दुसरीकडचं जास्त पैशाचं सोडून डेट्स दिल्या, मेकअपदादाने विचारलं की मॅडम नवीन कधी चालू करताय, तर आधीचं काम जमलेलं आहे, नंबर काहीही असो. उलट मालिका नंबर वन आहे आणि सहा महिन्यांत तिसरा लेखक, चौथा डायरेक्टर, असं असेल तर मला ते यश वाटत नाही, ते कर्ज आहे कुणाच्या तरी तब्येतीवर काढलेलं. स्मिता तळवलकरांकडे बघ, दूरदर्शनवर बातम्या वाचणारी बाई, १९८९ ला 'कळत नकळत' काढून निर्माती झाली, मग 'चौकट राजा', 'तू तिथे मी', मध्येच स्वतः दिग्दर्शन, नंतर 'अवंतिका'सारख्या मालिका. एकाच दिग्दर्शकाबरोबर, संजय सूरकरांबरोबर, परत परत काम केलं. ती नाती टिकली म्हणून पुढची कामं झाली असं मी मानते.

नशीब असतंच, ते नाही म्हणणारे खोटं बोलतात. 'श्वास'ला २००४ ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं, पन्नास वर्षांनी मराठीला, 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदा, आणि त्यानंतर मराठीत पैसे लावायला भलते भलते लोक आले, त्यात कित्येकांचे सिनेमे उभे राहिले ज्यांनी 'श्वास'मध्ये काहीच केलं नव्हतं. तो वारा आला तेव्हा ज्यांच्याकडे स्क्रिप्ट तयार होतं त्यांचं काम झालं.

तू काय करावंस, तर लगेच कंपनी काढू नकोस. पुढची एक मालिका डायरेक्शनऐवजी प्रॉडक्शनमध्ये कर, प्रॉडक्शन कंट्रोलरच्या (रोजचा खर्च सांभाळणारा) शेजारी बस, रोजचा कॉस्ट रिपोर्ट कसा भरतात ते शीक, पेट्रोल आणि कन्व्हेयन्समध्ये पैसे कसे गळतात ते बघ, कंट्रोलर चिडेल, चिडू दे. दोन लेखक शोध ज्यांच्याशी तू भांडू शकतेस आणि दुसऱ्या दिवशी बोलू शकतेस. त्यांना कमी का होईना पण ठरलेल्या तारखेला पैसे दे, नुसतं 'क्रेडिट देऊ' म्हणू नकोस, ते वाक्य ऐकून मराठीतले अर्धे लेखक आयटीत गेले. एक तरी बाउंड स्क्रिप्ट (शेवटपर्यंत पूर्ण लिहिलेलं) तयार ठेव आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर, ऑनलाइन होतं. आणि चॅनेलचं किंवा स्टुडिओचं कॉन्ट्रॅक्ट आलं की सही करायच्या आधी वकिलाला दाखव, मित्राच्या वकिलाला नाही, करमणूक क्षेत्रातलं काम करणाऱ्याला. त्यात तीन कलमं मुद्दाम शोध: मालिका अचानक बंद केली तर किती दिवसांची नोटीस, सेटचे न फिटलेले पैसे कोण देणार, आणि रिमेक किंवा डबिंग झालं तर तुला आणि लेखकाला काय. पहिल्या दोनवर ते थोडंफार ऐकतात. तिसऱ्यावर बहुतेक नाही म्हणतील, तरी लेखी मागून ठेव.